जासूदजोडी : एका हेरखेळाच्या प्रकल्प नोंदी

७ एप्रिल २०२४

आज कामाला रीतसर सुरुवात केली. गेले दोन आठवडे रात्रीची जेवणे आटोपल्यावर मी ‘अल्फा प्रोटोकॉल’ हा हेरगिरीचा रोल प्लेइंग गेम, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा संगणकावरचा खेळ, खेळत होतो. ऑब्सिडियन या अमेरिकी संस्थेने तो घडवला आणि सेगाने २०१० मध्ये तो प्रकाशित केला. त्यातल्या संगीताच्या हक्कांची मुदत संपल्यामुळे २०१९ मध्ये तो स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून निघाला होता; गेल्या महिन्यात तो जीओजी या तशाच दुसऱ्या दुकानात पुन्हा मिळू लागला आणि मी लगेच घेतला. त्यातली गोळीबाराची बाजू कच्ची आहे, हे खेळताना पदोपदी जाणवते. संवादाची बाजू मात्र अशी आहे की चौदा वर्षांनंतरही तिच्या तोडीचे काम मला फारसे दिसलेले नाही. सौदी अरेबिया, रोम, तैपेई आणि मॉस्को या ठिकाणी मायकेल थॉर्टन नावाचा हेर माणसांना भेटतो, त्यांच्याशी बोलतो, आणि त्या बोलण्याचा हिशेब खेळ शेवटपर्यंत ठेवतो. पहिल्या तासात कोणाला काय म्हटले, ते विसाव्या तासात परत समोर येते.

आमचा, म्हणजे माझा आणि भाच्याचा, खेळ आकाराने लहान आणि पूर्णपणे मजकुरावर चालणारा असेल. कथा आमच्याच भागातली असेल, कारण अंजनगाव सुर्जी तालुक्यात राहून दुसरीकडचा हेर शोधायला जाण्याचे मला काही कारण दिसत नाही. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावला इंग्रजांकडून नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला, १५ डिसेंबरला भोसल्यांचा गाविलगड किल्ला पडला, १७ तारखेला देवगावचा तह झाला आणि ३० तारखेला शिंद्यांशी सुर्जी अंजनगावचा तह झाला. आमचा खेळ अडगावच्या संध्याकाळी सुरू होईल आणि देवगावच्या तहाशी संपेल. खेळणारा भोसल्यांचा जासूद, म्हणजे बातम्या काढणारा आणि पोहोचवणारा हेर, असेल. जासूद त्या काळी बहुधा जोडीने पाठवत, त्याला जासूदजोडी म्हणत. खेळाचे नावही तेच ठेवले आहे. आपल्या नायकाचा जोडीदार अडगावच्या रणात हरवलेला आहे.

२१ एप्रिल २०२४

संवादाचा पहिला आराखडा लिहिला. मूळ खेळात थॉर्टनला बहुतेक वेळा तीन ढंगांतून निवड करायची असते : लाघवी, कामापुरता आणि दरडावणीचा. हे ढंग तीन गाजलेल्या काल्पनिक हेरांच्या स्वभावांवर बेतलेले आहेत. पडद्यावर थॉर्टनचे पूर्ण वाक्य दिसत नाही, फक्त ढंगाचा शब्द दिसतो, आणि समोरचा माणूस बोलत असतानाच निवड करावी लागते. निवड एकदा झाली की परत फिरता येत नाही. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते की एकाही ढंगाला खेळाने शहाणपणाचा म्हटलेले नाही. जो ढंग एका माणसाला जवळ आणतो, तोच दुसऱ्याला दूर लोटतो, आणि कोणाला काय मानवते हे आधी त्याची माहिती गोळा करूनच कळते. माहिती काढणे हे हेराचे काम, आणि बोलणे हा त्या माहितीचा वापर. दोन्ही एकाच धाग्यात बांधलेली आहेत.

मी तेच तीन ढंग घेऊन इंग्रजी छावणीच्या बाजारातला प्रसंग लिहिला. बाजाराच्या चौधरीकडून तोफांच्या गाड्यांना किती बैल जुंपायचे आहेत, हे काढून घ्यायचे आहे, कारण बैलांच्या संख्येवरून तोफा सपाटीने जाणार की डोंगरातून, याचा अंदाज येतो. प्रसंग चालतो. वाचताना मात्र काहीतरी परके वाटते आणि ते काय आहे हे आज सापडले नाही. आराखडा तसाच ठेवतो.

१२ मे २०२४

आजचा आणि कालचा पूर्ण दिवस पात्राच्या पूर्वायुष्यावर गेला. ऊन इतके होते की दुपारी शेताकडे कोणी फिरकत नव्हते, त्यामुळे भाच्याला आणि मला सलग बसता आले. भाचा अमरावतीला शिकतो. प्रोग्रामिंगची बाजू त्याची, लेखनाची माझी.

‘अल्फा प्रोटोकॉल’मध्ये खेळ सुरू होण्याआधी थॉर्टन पूर्वी कोण होता हे ठरवावे लागते : शिपाई, मैदानी हेर, तंत्रज्ञ, किंवा आपले गुण आपणच वाटून घेणारा स्वतंत्र माणूस. बहुतेकांसाठी हा कौशल्याच्या गुणांचा हिशेब ठरतो, म्हणजे बंदूक कोणाला चांगली आणि कुलूप कोणाला चांगले. परंतु एक पर्याय आहे नवख्याचा. त्याला सुरुवातीला एकही गुण मिळत नाही, आणि त्याच्या बदल्यात त्याला काही वेगळी वाक्ये बोलायला मिळतात. लोक त्याच्याशी नवख्यासारखे वागतात. हा पर्याय घेऊन खेळ पुरा केला की मगच मुरलेल्या हेराचा पर्याय उघडतो. मी नवख्याचा खेळ खेळलो तेव्हा मला पहिल्यांदा असे वाटले की माझे पूर्वायुष्य समोरच्या माणसाला दिसते आहे. बाकीच्या पर्यायांत ते बहुतांशी मलाच दिसत होते.

यावरून आम्ही एक नियम ठरवला आणि तो भिंतीवर चिकटवला आहे : कोणत्याही पूर्वायुष्यामुळे एकही आकडा बदलणार नाही, फक्त कोण तुम्हाला काय म्हणून हाक मारतो आणि तुम्ही कोणाला काय म्हणून हाक मारू शकता, हे बदलेल. चार पूर्वायुष्ये घेतली आहेत.

पहिला जोडीचा जासूद, ज्याला वाटा, मुक्काम आणि खुणा माहीत आहेत, पण ज्याला दुसऱ्या बाजूचे हरकारे, म्हणजे तिकडचे बातमीदारही, चेहऱ्याने ओळखतात. दुसरा नागपूरच्या फडावरचा, म्हणजे सरकारी दफ्तरातला, कारकून, ज्याला मोडी येते. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो आणि शब्द सलग लिहिलेले असतात, त्यामुळे पकडलेल्या पत्रातले एकच वाक्य दोन ठिकाणी तोडले तर दोन अर्थ निघतात; हे कोडे फक्त त्याच्या वाट्याला येते. तिसरी लमाणांच्या तांड्यातली बाई. लमाण बैलांवर धान्य लादून फौजांना पुरवत, इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याच्या फौजेलाही त्यांनीच पुरवले, म्हणून तिला छावणीत शिरायला कारण शोधावे लागत नाही. चौथा पानमळ्यातला पोरगा, म्हणजे आमचा नवखा. त्याला ना वाट माहीत, ना लिपी, ना व्यापार. मात्र अंजनगावपासून अचलपूरपर्यंत तो कोणालाही परका वाटत नाही.

चौथ्यावर माझा जीव आहे हे लपवत नाही. आमच्या घरी आजोबांपर्यंत पानमळा होता.

१६ जून २०२४

पेरणीमुळे काम थांबले आहे. मधल्या वादळात वीज गेली, लॅपटॉप बंद पडला आणि छावणीच्या प्रसंगाची तीन दिवसांची दुरुस्ती गेली. आता रोज रात्री प्रत पेनड्राइव्हवर घेतो.

भाच्याने एक गोष्ट मात्र पूर्ण केली. संवाद आम्ही इंक या संवादलेखनाच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहितो, जी इंकल या ब्रिटिश संस्थेने २०१६ मध्ये सर्वांसाठी खुली केली, आणि पडद्यावर दाखवायला गोडो हे खेळ बनवण्याचे सॉफ्टवेअर वापरतो. गोडोच्या जुन्या आवृत्तीत देवनागरीची मोडतोड होत असे : ‘हरकाऱ्याने’मधला अर्धा र सुटा पडे आणि ‘किल्ला’ची वेलांटी क सोडून मागे उभी राही. २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून जोडाक्षरे नीट बसतात. त्याने पूर्ण मजकूर नव्या आवृत्तीत हलवला. पहिल्यांदा ‘गाविलगडाच्या किल्लेदाराने’ हे अक्षर न अक्षर बरोबर उमटले तेव्हा आम्ही दोघेही थोडा वेळ ते पाहत बसलो.

१४ जुलै २०२४

एप्रिलपासून जे परके वाटत होते ते आज सापडले. शेजारचे काकाजी संध्याकाळी ओट्यावर आले होते. सत्तरी ओलांडलेली आहे, मळ्यात आयुष्य गेले आहे, खेळ त्यांनी कधी खेळलेला नाही. मी त्यांना चौधरीचा प्रसंग वाचून दाखवला. लाघवी ढंगाचे वाक्य असे होते : “आपल्यासारखा जाणकार माणूस या बाजारात दुसरा नाही.” काकाजी म्हणाले, “असं कोन बोलते जी? हा तर पयल्याच बोलात पकडल्या जाईन.” मग त्यांनी स्वतः बोलून दाखवले : “कावो भाऊ, बैल जमले काय तुमचे?”

त्या वाक्यात स्तुती नाही, गोडवा नाही, आर्जवही नाही. जवळीक सगळी ‘भाऊ’मध्ये आहे. आपल्या बोलण्यात माणूस लाघवी आहे की दरडावणारा, हे वाक्याच्या अर्थाआधीच त्याच्या हाकेतून ठरून जाते. ‘भाऊ’, ‘कारभारी’, ‘मामाजी’, ‘काय रे’, ‘हुजूर’ : हाक ऐकली की समोरच्याला कळते की हा आपल्याला कुठे बसवतो आहे, आणि स्वतः कुठे बसला आहे. इंग्रजीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांना मिळून एकच सर्वनाम आहे, म्हणून तिथल्या लेखकाला ढंग वेगळा सांगावा लागतो आणि आवाजाच्या नटाकडून तो उभा करून घ्यावा लागतो. मराठीत तो व्याकरणातच आहे. मी तीन महिने आपल्याकडे असलेली गोष्ट बाहेरून उसनी आणत होतो.

म्हणून आजपासून ढंगांचे तिन्ही शब्द काढून टाकले. खेळणाऱ्याला पडद्यावर फक्त हाका दिसतील. चौधरीसमोर उभे राहिल्यावर ‘भाऊ’, ‘चौधरी’ आणि ‘काय रे’ असे तीन पर्याय येतील, आणि पुढचे वाक्य हाकेच्या पोटातून येईल. पूर्वायुष्याचा प्रश्नही यानेच सुटतो, कारण चारही जणांना सगळ्या हाका शोभत नाहीत. कारकून चौधरीला ‘काय रे’ म्हणू शकतो आणि निभावून नेऊ शकतो. पानमळ्यातल्या पोराने तेच म्हटले तर बाजार हसेल. उलट तो पोरगा पाणी भरणाऱ्या म्हातारीला ‘माय’ म्हणेल तेव्हा ती घागर खाली ठेवून बोलेल. कारकुनालाही तो शब्द वापरता येईल, पण म्हातारी त्याच्या पायातला जोडा पाहील आणि गप्प राहील. कारकुनाच्या यादीतून ‘माय’ काढायचा नाही, हे मुद्दाम ठरवले आहे. चुकीची हाक मारता आली पाहिजे. तिचे काय होते हे पाहण्यातच खेळ आहे.

एक प्रसंग लगेच नव्याने लिहिला. छावणीच्या चौकीवर इंग्रजांच्या चाकरीतला हरकारा बसलेला आहे आणि तो याच भागातला आहे. हेराला सर्वांत मोठा धोका गोऱ्या शिपायाकडून नसून आपलीच बोली बोलणाऱ्या माणसाकडून असतो, म्हणून ही चौकी मी खेळाच्या मधोमध ठेवली आहे. हरकारा विचारतो, “कोनत्या मयातला रे तू?” वऱ्हाडीत ळ चा य होतो : डोळा म्हणजे डोया, आभाळ म्हणजे आभाय, मळा म्हणजे मया. पोराच्या तोंडी उत्तर आपोआप ‘मयातला’ असे येते. कारकून, जरी त्याने पानांची टोपली डोक्यावर घेतली असली तरी, ‘मळ्यातला’ म्हणतो, आणि खेळ पडद्यावर काहीही जाहीर करत नाही. फक्त हरकारा पुढचा प्रश्न विचारतो : “उतरन झाली काय औंदा?” पानवेल शेवरीच्या आधाराने वर चढत गेली की ती दरवर्षी खाली उतरवून तिची वेटोळी मातीत दाबतात, तिला उतरण म्हणतात. ज्याने मळा पाहिला नाही त्याला वाटते की माल उतरला का असे विचारले आहे, आणि तो म्हणतो, “हो, कालच बाजारात उतरवली.”

१८०३ मध्ये लोक नेमके असे बोलत होते, असा दावा आम्ही करणार नाही. आजची बोली त्या काळासाठी वापरली आहे, हे खेळाच्या पहिल्या पानावर लिहू.

४ ऑगस्ट २०२४

हाकांचा निर्णय महागात पडत आहे. मराठीत क्रियापद लिंगाप्रमाणे आणि मानाप्रमाणे बदलते, त्यामुळे ‘कुठून आला’ हा साधा प्रश्न पोराला ‘कुठून आलास’, लमाणाच्या बाईला ‘कुठून आलीस’ आणि कारकुनाला ‘कुठून आलात’ असा होतो. शिवाय मान बोलण्याच्या ओघात बदलतो : हरकाऱ्याला संशय आला की तो कारकुनाला ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आणतो, आणि ते खाली येणे हाच खेळणाऱ्यासाठी इशारा आहे. आम्ही दुसरा कोणताही इशारा ठेवलेला नाही.

भाच्याने सुरुवातीला एक सोय केली होती : वाक्य एकदाच लिहायचे आणि क्रियापदाच्या जागी खूण ठेवायची, म्हणजे खेळ योग्य रूप बसवेल. दोनशेच्या आसपास वाक्ये तशी लिहिली. मोठ्याने वाचली तेव्हा लक्षात आले की रूप बरोबर असूनही माणूस खोटा वाटतो, कारण ‘तुम्ही’ म्हणणारा माणूस आणि ‘तू’ म्हणणारा माणूस मुळात एकच वाक्य बोलत नाहीत. कारकुनाला हरकारा म्हणेल, “बसा, थोडं पाणी घ्या, मग सांगा.” पोराला म्हणेल, “उभा राय तिथंच.” खुणा काढून टाकल्या. प्रत्येक वाक्य हाताने लिहितो आहोत. वेळ चौपट लागेल, तो लागू द्यावा.

३ सप्टेंबर २०२४

काल पोळा झाला. आज तान्हा पोळा, त्यामुळे गल्लीत मुले लाकडी बैल घेऊन फिरत होती, आणि दुपारी त्यांच्यापैकी मोठी चार मुले व त्यांच्या सोबतीने काकाजी असे पाच जण खेळ तपासायला बसले.

वेळेच्या मर्यादेबद्दल आमचे मत आज बदलले. आम्ही निवडीला सहा सेकंद दिले होते. मुलांना ते पुरले. काकाजींना पुरले नाहीत. ते ओठ हलवत वाचतात आणि प्रत्येक शब्द नीट घेतात. तीनदा वेळ संपली तेव्हा त्यांनी मोबाइल खाली ठेवला आणि म्हणाले, “मले बोलूच देत नाही हा.” ही तक्रार अगदी खरी आहे. हेराच्या खेळात घाई कशासाठी असते, तर समोरचा माणूस तुमच्यासाठी थांबत नाही म्हणून. वाचण्याच्या वेगाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

म्हणून घड्याळ काढले. आता समोरच्या माणसाचे बोलणे एकेका वाक्याने येते आणि पुढचे वाक्य खेळणाऱ्याने बोट टेकवल्यावरच येते, परंतु प्रत्येक वाक्यागणिक काही हाका मावळतात. हरकारा पहिले वाक्य बोलला की ‘दादा’ म्हणता येते, तिसरे बोलून झाले की तो शब्द निघून जातो, कारण तोवर गप्प राहिलेल्या माणसाच्या तोंडी तो लाचार वाटतो. गप्प बसणे हीसुद्धा निवड आहे आणि काही ठिकाणी तीच योग्य आहे. काकाजींनी हा बदल रात्री खेळून पाहिला आणि चौकी ओलांडली.

१३ ऑक्टोबर २०२४

दसऱ्याच्या सुट्टीत भाचा चार दिवस होता. कापूस वेचणीची गडबड अजून सुरू व्हायची आहे. खोट्या बातमीचा भाग लिहिला.

हेरखेळात बातमी खरी किंवा खोटी अशी दोनच प्रकारची असते, आणि मला ते कधीच पटले नाही. २३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईआधी वेलस्लीला त्याच्या हरकाऱ्यांनी सांगितले की मराठ्यांचा तळ भोकरदनला आहे. तो त्या हिशेबाने निघाला, आणि पायदळासह तळाची डावी बाजू भोकरदनपासून सहा ते आठ मैलांवर असईला आहे हे त्याला प्रत्यक्ष समोर आल्यावर कळले. त्याने नंतर मन्रो या इंग्रज अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात याचे कारण दिले आहे : तळाची उजवी बाजू भोकरदनला होती आणि ज्या मुलखात तळ पडला होता त्या सगळ्या मुलखालाही भोकरदनच म्हणत. हरकारे खोटे बोलले नव्हते. त्यांनी मुलखाचे नाव सांगितले आणि ऐकणाऱ्याने गावाचे नाव ऐकले.

आमच्या खेळात हाच धागा नायकाच्या हाती दिला आहे. तांड्याचा नाईक विचारतो की भोसल्यांची माणसे कुठे आहेत, आणि नायकाला गावाच्या नावाने उत्तर द्यायचे आहे की परगण्याच्या नावाने, हे ठरवायचे आहे. दोन्ही उत्तरे खरी आहेत. ऐकणारा त्याचे काय करतो हे त्याच्या पूर्वायुष्यावर अवलंबून आहे : नाईक बैल हाकणारा माणूस आहे, त्याच्यासाठी जागा म्हणजे पाण्याचा ठिकाणा, तो नेमके गावच समजेल, इंग्रजांचा दुभाषा कागदावरचा मुलूख समजेल. म्हणजे पूर्वायुष्य केवळ नायकाला असून चालणार नाही. बोलणाऱ्याइतकाच ऐकणाराही कुठून तरी आलेला असतो. यामुळे सात दुय्यम पात्रांची पूर्वायुष्ये नव्याने लिहावी लागली. त्यातली तीन चांगली झाली आहेत. दुभाष्याचे अजून पोकळ आहे.

२९ नोव्हेंबर २०२४

आज लढाईची तारीख म्हणून भाच्याला घेऊन मोटारसायकलने अकोटवरून अडगावला गेलो. सपाट काळी जमीन, कपाशी, तूर, आणि उत्तरेला सातपुड्याची रेघ. जवळच शिरसोली आहे. लढाईच्या सुरुवातीला तोफांच्या माऱ्याने तिथे इंग्रजांच्या देशी पलटणी विस्कटल्या होत्या आणि वेलस्लीला त्या पुन्हा उभ्या कराव्या लागल्या होत्या. रणांगण पाहायला गेलो होतो, आणि खेळाच्या कामाची जी गोष्ट मिळाली ती वेगळीच होती : इतक्या उघड्या सपाटीत दिवसा माणूस लपू शकत नाही. म्हणून पहिल्या प्रसंगातला ‘लपून जा’ हा पर्याय काढला. संध्याकाळच्या वेळी पळणाऱ्यांच्या गर्दीत मिसळून जाणे आणि वाटेत भेटणाऱ्याशी बोलणे, एवढेच शिल्लक ठेवले.

परत आल्यावर राग-लोभाचा हिशेब पक्का केला. ‘अल्फा प्रोटोकॉल’मध्ये एखादे पात्र तुमच्यावर रुसले तरी त्यातून काही तरी हाती लागते, नाराजीचाही वेगळा लाभ मिळतो. ही कल्पना मी जशीच्या तशी घेतली, कारण ती गावात राहणाऱ्या कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. नाईक तुमच्यावर रागावला तर तो तुमची बातमी इंग्रजांकडे पोहोचवेल. ती पोहोचावी अशीच तुमची इच्छा असेल, तर त्याला रागावू देणे हाच मार्ग आहे, आणि त्यासाठी त्याला ‘नाईक’ न म्हणता ‘काय रे’ म्हणावे लागते. मात्र पुढे तुमचा जोडीदार जखमी अवस्थेत सापडतो तेव्हा त्याला बैलावर घालून नेणारा तांडा तोच असतो.

१५ डिसेंबर २०२४

चिखलदऱ्याला जाऊन गाविलगडावर दिवस काढला. दोनशे एकवीस वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी हा किल्ला पडला. वेलस्लीच्या जोडीला असलेल्या स्टीव्हन्सन या इंग्रज सेनानीच्या तुकडीने तोफा डोंगरातून ओढत उत्तरेला लबाडा गावाच्या बाजूला नेल्या होत्या, आणि आमच्या खेळातली सगळी धडपड हीच बातमी वेळेत किल्ल्यात पोहोचवण्याची आहे. इतिहास बदलायचा नाही, हे पहिल्यापासून ठरलेले आहे : किल्ला पडणार, देवगावला तह होणार, वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून जाणार. बदलणार एवढेच की किल्ल्यातून कोण बाहेर पडले, आणि जोडी पुन्हा जोडी झाली की नाही.

दरवाजाच्या आत उभे राहून भाच्याने मोठ्याने शेवटचा प्रसंग वाचला. पहाऱ्यावरच्या हवालदाराला पटवायचे आहे की तोफा दक्षिणेकडून येणार नसून उत्तरेकडून येत आहेत. वाचताना दगडांत आवाज घुमत होता आणि वाक्ये लांब आहेत हे लगेच कळले. निम्मी कापली.

तिथेच एक निर्णय पक्का केला. एल्फिन्स्टन हा इंग्रज अधिकारी त्या वेळी वेलस्लीबरोबर होता, अवघ्या चोवीस वर्षांचा, आणि पुढे तो नागपूरला रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, झाला. त्याच्याशी नायकाची गाठ घालून देण्याचा मोह मला वर्षभर होता. ती घालणार नाही. भोसल्यांच्या वतीने तहाची बोलणी करणाऱ्या यशवंतराव रामचंद्रांच्या तोंडीही वाक्य घालणार नाही. जी माणसे खरोखर होऊन गेली त्यांची नावे, तारखा आणि कृती खेळात येतील. बोलतील ती फक्त आम्ही रचलेली माणसे. ज्या खेळात प्रत्येक शब्दावर माणसाची पारख होते, तिथे मेलेल्या माणसाच्या नावावर आपले शब्द खपवणे मला योग्य वाटत नाही.

५ जानेवारी २०२५

आज आईने खेळ खेळला. तिने पानमळ्यातला पोरगा निवडला, बाजार आणि चौकी पार केली, आणि तांड्यात जखमी जोडीदाराजवळ बसलेल्या म्हाताऱ्या लमाणीणीसमोर येऊन थांबली. पर्याय दोन होते : ‘माय’ आणि ‘बाई’. तिने ‘माय’ घेतला. पुढचे वाक्य मी लिहिले होते, “माय, तुम्ही याला पाणी पाजलं काय?”

आईने मोबाइल माझ्याकडे वळवला आणि विचारले, “मायले कोनी तुमी म्हनते काय रे?”

मी ते वाक्य मानाचे समजून लिहिले होते. आपण बापाला ‘तुम्ही’ म्हणतो, सासूला म्हणतो, पाहुण्याला म्हणतो. आईला आणि देवाला ‘तू’ म्हणतो. ‘माय’ म्हणून पुढे ‘तुम्ही’ म्हणणारा पोरगा हाक उसनी आणतो आहे, हे म्हातारीला तत्क्षणी कळेल. चौधरीला म्हटलेला ‘तू’ आणि हिला म्हटलेला ‘तू’ यांच्यासाठी आम्ही प्रोग्राममध्ये एकच खूण ठेवली होती, आणि ती दोन्हीकडे मान कमी करत होती. भाच्याला फोन केला. खुणा दोन करायच्या आहेत, ‘माय’नंतरची एकतीस वाक्ये तपासायची आहेत, आणि जिथे कारकून हा शब्द वापरतो तिथे मात्र ‘तुम्ही’ तसेच ठेवायचे आहे.

वाक्य आता असे आहे : “माय, पानी पाजलं काय व तू याले?” म्हातारी उत्तर देत नाही. ती सरकून पोराला बसायला जागा करते.

उरलेली तीस उद्या.